नकाशावर ठेवलेलं बोट

(दृश्य : सभागृह. टेबलावर मोठा नकाशा पसरला जातो.)

संध्याकाळचे सहा वाजलेत. खुर्च्या मांडून झाल्यात. मधल्या टेबलावर नव्या रस्त्याचा नकाशा आहे. लोक येतात, वाकून बघतात, आधी आपलं घर शोधतात. मग एक बाई एका जागी बोट ठेवते.

"इथे तुम्ही दुभाजक दाखवलाय. पण शाळा सुटली की पोरं इथूनच पलीकडे जातात."

नकाशात शाळा आहे, पोरांची वाट नाही.

शेजारी उभी असलेली तरुणी ते वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहून त्या जागी चिकटवते. ती लोकसहभाग सल्लागार आहे. सार्वजनिक पैशातून रस्ता, पूल, मेट्रो किंवा सांडपाणी प्रकल्प व्हायचा असला, की तो ज्यांच्या दारात येणार त्यांना आधी गाठायचं, हे तिचं काम.

(दृश्य : बस थांबा. सकाळची गर्दी.)

सभा ठरवतानाच ती एक प्रश्न विचारते : कोण येणार नाही? पाळीत काम करणारे, भाडेकरू, तान्हं मूल असलेली आई, व्हीलचेअर वापरणारे, सरकारी भाषेतली सूचना वाचता न येणारे. म्हणून तिची माणसं बस थांब्यावर उभी राहतात, दारोदार जातात, पत्रकं लोकांच्या भाषेत काढतात, सभेच्या जागी मुलं सांभाळायची सोय करतात. माइकपुढे रांग लावत नाहीत, छोट्या टेबलांभोवती बसवतात. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस तिथे बोलायला लागतो.

(दृश्य : जुनी छापील पानं.)

१९६९ साली अमेरिकेत शेरी अर्नस्टीन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच, लोकांना फक्त वळवलं जातं. मधल्या तिन्हींवर माहिती मिळते, मत विचारलं जातं, एखादी मागणी मान्य करून राग शमवला जातो, पण निर्णय हलत नाही. वरच्या तीन पायऱ्यांवर अधिकार खरोखर वाटून घेतला जातो. अर्नस्टीन यांनी एका फ्रेंच भित्तिपत्रकाचाही दाखला दिला होता. त्यावर क्रियापद चालवलं होतं : मी सहभागी होतो, तू होतोस, तो होतो, आम्ही होतो, तुम्ही होता... ते फायदा घेतात.

१९९८ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरात पर्यावरणविषयक निर्णयांबाबत एक करार झाला. सर्व पर्याय खुले असतानाच लोकांना सामील करून घ्या, असं त्यात म्हटलं आहे. आम्हाला वाटतं, या व्यवसायाचा कस इथेच लागतो. निविदा निघाल्यावर हरकती व सूचना मागवल्या, तर त्या फायलीतच राहतात. सल्लागाराचं मानधन प्रकल्प राबवणारी यंत्रणाच देते. तिलाच तोंडावर सांगावं लागतं, "काय बदलता येईल आणि काय नाही, ते पहिल्याच सभेत सांगून टाका." नकार लोक पचवतात, पण फसवणूक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, आणि पुढच्या प्रकल्पाच्या सभेला फिरकत नाहीत.

(दृश्य : तेच सभागृह. भिंतीवर छापील तक्ता.)

काही महिन्यांनी दुसरी सभा. आलेली प्रत्येक सूचना तक्त्यात आहे, समोर उत्तर आहे : मान्य, अमान्य, आणि कारण. ती बाई ओळींवरून बोट फिरवत आपलं वाक्य शोधते. समोर लिहिलंय : मान्य. दुभाजकात वाट ठेवली, सिग्नल घेतला.

ती दोनदा वाचते. मग वळून अभियंत्याला विचारते,

"सिग्नल किती सेकंदांचा ठेवणार? पहिलीतली पोरं हळू चालतात."