ओट्यावर कोणता दगड?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं मानमंदिर तुम्ही पाहिलं असेलच. राजा मानसिंह तोमरांनी १४८६ ते १५१६ या काळात राज्य केलं, तेव्हाचा हा महाल. भिंती वालुकाश्माच्या, आणि त्या दगडावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या चकाकत्या टाइल्स. त्यात हत्ती आहेत, बदकं आहेत, केळीची झाडं आहेत. म्हणजे खाणीतला दगड आणि भट्टीतला तुकडा एकाच भिंतीवर पाचशे वर्षं शेजारी नांदताहेत. म्हणून घर बांधताना कुणी ‘खरा दगड घ्यायचा की बनवलेला?’ असं विचारलं, की मी उलट विचारते : त्यावर सांडणार काय, ठेवणार काय, आणि ऊन किती लागणार?

सगळ्यात कठीण परीक्षा ओट्याची. तिथे रोज लिंबू, चिंच, आमसूल, हळद, तेल, शिवाय गॅसवरून उतरवलेला कुकर. ग्रॅनाईट ही परीक्षा सहज पास होतो. जमिनीच्या पोटात तापलेला रस सावकाश निवून तो घडलेला असतो, त्यामुळे त्याला आच सोसते आणि लिंबाचं काही वाटत नाही. फिकट रंगाचा ग्रॅनाईट मात्र तेल पितो, त्याला सीलर, म्हणजे बारीक छिद्रं बुजवणारा लेप, लावून घ्यावा आणि अधूनमधून पुन्हा लावावा.

संगमरवर ओट्यावर घालू नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन. तो चुन्याच्या कुळातला. लिंबाची फोड तासभर पडून राहिली की तिथली चकाकी आंबट रस खाऊन टाकतो. तो डाग नसतो, त्यामुळे कितीही घासलं तरी जात नाही. पुन्हा पॉलिशच करावं लागतं. कोटा आणि शहाबादी हेही चुनखडकच, त्यांनाही आंबट सोसत नाही. देवघरात, बैठकीत संगमरवर जरूर घाला. तिथे तो शोभतो आणि उन्हाळ्यात पायाला गारही लागतो.

आता क्वार्ट्झ. दुकानात हल्ली हेच नाव पहिलं ऐकू येतं. हा बनवलेला दगड : दळलेला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, वजनाने साधारण नव्वद टक्के, बाकी रेझिन आणि रंग. हवा काढून घेऊन, कंप देत दाबून त्याची स्लॅब करतात. रंग सारखा येतो, पाणी शोषत नाही, सीलर लागत नाही. हे सगळं खरं आहे. पण रेझिन हे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. आपल्याकडे फोडणीची कढई सरळ ओट्यावर टेकवायची सवय असते, आणि क्वार्ट्झवर त्याचा पिवळा डाग पडतो, कधी तडाही जातो. घ्यायचा असेल तर जाळी किंवा लाकडी पाट हाताशीच ठेवा.

अंगणात, गच्चीवर तर क्वार्ट्झ नकोच. उन्हाने रेझिन पिवळं पडतं, आणि ग्वाल्हेरचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीपार जातो हे तुम्हाला मी काय सांगायचं! तिथे आपला वालुकाश्म. पॉलिश न केलेला असला की ओल्या पायांनीही घसरत नाही.

व्हिट्रिफाईड टाइल्स साधारण बाराशे अंशांवर भाजलेल्या, अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिणाऱ्या. खोल्यांना उत्तम. न्हाणीघरात मात्र चकचकीत घेऊ नका.

आणि आपल्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत मोझॅकची फरशी असेल, तर कृपा करून ती फोडू नका. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी बसवलेली ती फरशी घिसाई करून पॉलिश केली की पुन्हा उजळते.

निवड करण्याआधी दुकानातून तुकडा मागून घ्या. त्यावर लिंबू पिळा, हळदीचं तेल लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी धुऊन बघा.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त बोचते. कारागीर घरातच कोरडा कटर चालवतो, तोंडाला गमछा बांधून. क्वार्ट्झची ती पांढरी धूळ म्हणजे सिलिका. ती फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर उपचाराने बरं होणं नाही. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा बनवलेल्या दगडावर बंदी घातली. ग्रॅनाईटमध्ये सिलिका कमी असली तरी असतेच, आणि वालुकाश्मात भरपूर, म्हणजे आपल्या जाळ्या कोरणाऱ्यांनाही हा धोका आहे. बसवलेल्या ओट्यापासून घरच्यांना काही भीती नाही, जीव जातो तो कापणाऱ्याचा. गमछ्याने ही धूळ अडत नाही. ऑर्डर देतानाच सांगा, की दगड कारखान्यात पाणी सोडून कापायचा आणि कारागिराला धुळीचा चांगला मास्क द्यायचा. चार पैसे जास्त पडले तर द्या. शेगडीची आणि सिंकची मापं आधीच नेऊन दिलीत, तर घरी कापायला फारसं काही उरतही नाही.

नमस्कार.