खोलीत आधी शिरतं ते शरीर

मंडळी, गृहसजावटीवरचं काहीही वाचायला घेतलं की एक ठरलेलं वाक्य भेटतं: बायकांना फिके रंग आवडतात, पुरुषांना गडद आणि म्हाताऱ्यांना शांतता. माझा या वाक्यावर फारसा भरवसा नाही. खोलीत पाऊल टाकताच जे बरं किंवा नकोसं वाटतं, त्यात आवडीनिवडीचा वाटा असतोच. पण त्याआधी शरीर आपलं मत देऊन मोकळं झालेलं असतं.

डोळ्यांचंच घ्या. वय वाढतं तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळट पडतं. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश साठीत पोचतो. नातू म्हणतो, 'दिवा कशाला लावलाय?' आजोबा म्हणतात, 'अजून एक लाव.' दोघांचंही खरं असतं. बरं, नुसता उजेड वाढवूनही भागत नाही, कारण उतारवयात भिंगात प्रकाश जास्त विखुरतो आणि डोळे दिपतात. चकचकीत पॉलिश केलेली फरशी आणि टोकाला मोठी खिडकी, असा एखादा कॉरिडॉर डोळ्यांपुढे आणा. तरुणाला तो प्रसन्न वाटतो. सत्तरीतल्या बाईंना वाटतं, फरशी ओली आहे की काय. त्या थबकतात, भिंतीला हात लावतात, पाऊल चाचपत पुढे टाकतात. आणि आपण म्हणतो, 'आजी हल्ली फार घाबरतात.' अहो, घाबरवतेय ती फरशी!

दिव्याच्या रंगाचंही तसंच. क्नेझ आणि केर्स या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ वर्षांच्या आसपासचे तरुण आणि ६५ च्या आसपासचे ज्येष्ठ यांना लालसर पांढऱ्या आणि निळसर पांढऱ्या दिव्यांखाली दीड तास डोकं चालवायची कामं दिली. नकारात्मक मनःस्थितीवर दिव्याचा जो परिणाम झाला, तो दोन्ही गटांत नेमका उलटा निघाला. तेव्हा 'उबदार दिवा लावा, सगळ्यांना छान वाटेल' हा सल्ला जरा जपूनच घ्यावा.

आता स्त्री-पुरुष. इथे रंगांवर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी तापमानावर व्हायला हवी. बंद इमारतींतल्या सुखद तापमानाचं गणित डेन्मार्कच्या फँगर यांनी १९७० साली मांडलं. त्यातला चयापचयाचा आकडा सरासरी पुरुषाचा, म्हणजे ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा आहे, याकडे २०१५ साली किंगमा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी लक्ष वेधलं. हलकं बैठं काम करणाऱ्या तरुण स्त्रियांच्या शरीरात त्याहून बरीच कमी उष्णता तयार होते. ऑफिसात अंगावर शाल ओढून बसलेली बाई नाजूक नसते, तिथलं गणितच तिच्यासाठी केलेलं नसतं. मापांचीही तीच गत. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांची 'मोड्युलॉर' ही इमारतींची मापं ठरवायची प्रमाणपद्धत १.८३ मीटर उंचीच्या पुरुषावर बेतलेली होती.

सगळंच शरीरावर ढकलता येत नाही, हेही खरं. रात्री तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरताना अनेक बायका आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघतात आणि खांबाआड कोणी उभं राहू शकेल का याचा अंदाज घेतात. ही सावधगिरी जन्मजात नाही, अनुभवाने अंगवळणी पडलेली आहे. शिवाय प्रश्नावलीत स्त्रिया भावना अधिक तीव्र नोंदवतात, पण हृदयाचे ठोके वगैरे मोजले तर तो फरक तितका ठळक राहत नाही. म्हणजे मोजलं काय, खोलीचा परिणाम की बोलून दाखवायची सवय? प्रश्नावलीवरून 'बायकांची खोली' आणि 'पुरुषांची खोली' असे निष्कर्ष काढणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं.

म्हणून मी रंगांचे नमुने उशिरा बाहेर काढतो. आधी विचारतो: संध्याकाळी या खोलीत कोण बसतं, काय करतं, आणि दिव्याचं बटण त्याच्या हाताला लागतं का?