नाकाच्या ओसरीतली खपली

आरशासमोर मान मागे, एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हाताचं नख नाकपुडीत. कडक, पिवळसर खपली सुटून येते. खाली लालभडक ओली जागा आणि रक्ताचा बारीक ठिपका. संध्याकाळपर्यंत तिथे नवी खपली धरलेली असते, आणि नख पुन्हा आत जातं. हे दुखणं आठवडेच्या आठवडे चालतं ते मुख्यतः या नखामुळे.

नाकपुडीचा सुरुवातीचा एक-दीड सेंटीमीटर म्हणजे नाकाची ओसरी. आतल्या नाकाला ओलं, गुलाबी अस्तर असतं. इथे मात्र गालावर असते तशीच कातडी आहे. केस, घामाच्या ग्रंथी, तेलाच्या ग्रंथी, सगळं. त्यामुळे हा आजार कातडीचा. सर्दीच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही. डॉक्टर त्याला व्हेस्टिब्युलायटिस म्हणतात.

बहुतेक वेळा यामागे स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असतो. सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. त्याला फक्त फट हवी असते. चिमट्याने केस मुळासकट उपटला, की ती मिळते. सर्दीत नाक सतत शिंकरून, रुमालाने पुसून कातडी सोलवटते. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनोइनने ती कोरडी पडून भेगाळते. चमकी घालणाऱ्यांनी फिरकी तपासावी: ती नाकपुडीच्या आत असते, तिच्याभोवती मळ साचतो, आणि धातूत निकेल असेल तर ॲलर्जीनेही कातडी चिघळते. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत मणी किंवा खोडरबराचा तुकडा अडकलाय का, हे आधी पाहायचं.

सौम्य प्रकारात आग, खाज, लाली आणि खपल्या. जिवाणू केसाच्या मुळाशी उतरला, की केसतोड होतं. मग नाकाचा शेंडा लाल आणि टणक होतो. तोंड धुताना नुसता हात लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. पू दिसतो म्हणून ते फोडायचं मात्र नाही. नाक आणि वरच्या ओठाकडच्या शिरा डोळ्यांमागच्या शिरांना जोडलेल्या आहेत, आणि संसर्ग क्वचित त्या वाटेने मेंदूच्या तळाशी पोचतो. ताप, तीव्र डोकेदुखी, सुजलेली पापणी, एकाच्या दोन वस्तू दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय.

निदानाला एक्स-रे लागत नाही. डॉक्टर अंगठ्याने नाकाचा शेंडा हळूच वर उचलतात आणि प्रकाश टाकून पाहतात. नाकपुडी फाकवायचं उपकरण थेट आत घातलं, तर त्याची पाती नेमकी सुजलेल्या जागेवर टेकतात: रुग्ण कळवळतो आणि बघायची जागाच झाकली जाते. दुखणं परत परत होत असेल, तर स्वॅब घेऊन कोणतं प्रतिजैविक लागू पडेल हे तपासतात. सोबत रक्तातली साखरही, कारण मधुमेह असेल तर केसतोडं पुन्हा पुन्हा होतात. पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा असू शकतो. एकाच बाजूची, कडा टणक झालेली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर तुकडा काढून तपासणं टाळू नये; कर्करोग आणि कातडीचा क्षयही असाच दिसतो.

साध्या संसर्गावर बहुधा म्युपिरोसिन या प्रतिजैविकाचं २ टक्क्यांचं मलम देतात. मुगाच्या दाण्याएवढं, दोन्ही नाकपुड्यांत, डॉक्टर सांगतील तितके दिवस. दुकानातून आणताना नाकासाठीचंच आणलंय ना, ते बघा. अंगाला लावायच्या मलमाचा आधार, म्हणजे औषध ज्यात कालवलेलं असतं तो भाग, वेगळा असतो आणि तो आतल्या अस्तराला झोंबतो. घरात पडलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब तर नकोच. तिने लाली दोन दिवसांत उतरते आणि संसर्ग खाली पसरत राहतो. खपली कोमट पाण्याच्या कापसाने पाच मिनिटं भिजवली, की आपोआप सुटते. नाही सुटली, तर तशीच राहू द्या.