एक दशांश सेकंद आणि एक महायुद्ध

नमस्कार श्रोतेहो. आज जरा विस्मरणात गेलेल्या एका धावपटूबद्दल बोलूया. नाव हान्स ब्राउन. जन्म 1886 चा, जर्मनीत बव्हेरियातल्या वेर्नफेल्सचा. वडील लुई ब्राउन हे नावाजलेले चित्रकार. लढायांची भलीमोठी गोलाकार दृश्यं रंगवणं ही त्यांची खासियत.

मुलगा मात्र पळण्यात रमला. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मीटरमध्ये त्याने कांस्य मिळवलं. मिश्र रिलेत, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांचे टप्पे असलेल्या रिले शर्यतीत, शेवटचा टप्पा त्याच्याकडे होता. हंगेरीच्या गड्याला त्याने अगदी रेषेपाशी मागे टाकलं आणि जर्मनीला रौप्य मिळालं. पुढे ब्रिटनची अर्ध्या मैलाची अजिंक्यपदाची शर्यत त्याने तीनदा जिंकली, तीही इंग्रजांच्या घरात जाऊन!

पण खरी गंमत 1912 च्या स्टॉकहोममध्ये. 400 मीटरच्या उपांत्य शर्यतीत अमेरिकेच्या डॉनेल यंगने ब्राउनला धक्का दिला. तेव्हा या शर्यतीत प्रत्येकाला आखलेली लेन नसायची. वळणावर आतली जागा पकडायला खांद्याला खांदा घासायचाच. पंचांनी यंगला बाद केलं आणि अंतिम शर्यत लेन आखून घेतली. चार्ल्स रीडपाथ 48.2 सेकंदांत पहिला, ब्राउन 48.3 मध्ये दुसरा. लगोलग तिसरा आलेला लिंडबर्ग 48.4. मला विचाराल तर असं रौप्य सुवर्णाहून फार उणं नाही.

पुढचं ऑलिंपिक 1916 मध्ये बर्लिनला ठरलेलं होतं. 1913 मध्ये स्टेडियम बांधूनही झालं. घरच्या मैदानावर ब्राउन एकोणतीस वर्षांचा असता. पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि स्पर्धाच रद्द झाली.

ब्राउन सैन्यात अधिकारी झाला, लेफ्टनंट. जर्मनीचं विमानदल त्या वेळी लष्कराचाच भाग होतं; तो लढाऊ वैमानिक झाला. समोरच्या बाजूलाही धावपटूच होते. लंडन ऑलिंपिकमधला 400 मीटरचा विजेता, ब्रिटिश कॅप्टन विंडहॅम हॅल्सवेल, 1915 मध्येच फ्रान्समध्ये गोळी लागून गेला होता.

ब्राउनचा मृत्यू 9 ऑक्टोबर 1918 ला, फ्रान्समधल्या सँ-कँतँजवळ झाला. युद्धविरामाला जेमतेम महिना उरला होता.

1916 साठी बांधलेलं ते स्टेडियम पुढे पाडून त्याच जागी 1936 चं ऑलिंपिक स्टेडियम उभं राहिलं. त्या परिसरातल्या एका रस्त्याला आज हान्स ब्राउनचं नाव आहे.