जांभ्याचा किनारा : चिरा, खाण आणि कातळ

(दृश्य : राजापूर तालुक्यातला सडा, उंचावरून)

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत समुद्राला लागून असे सपाट सडे, म्हणजे खडकाळ पठारं, पसरली आहेत. पावसाळ्यात हिरवेगार, एरवी काळपट तांबडे. हा जांभा. मूळचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळा बेसॉल्ट. उष्ण हवेत आणि धो धो पावसात त्यातली सिलिका आणि चुना विरघळून वाहून गेला, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली.

(दृश्य : रस्त्यासाठी कापलेली दरड)

वर कडक कातळ. त्याखाली भोकाभोकांचा जांभा, मधूनमधून पिवळट मातीच्या गाठी. तळाला शेडी, म्हणजे पांढरट-गुलाबी चिकणमाती. पाऊस जांभ्यातून झिरपतो, शेडीवर अडतो आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतो. पायथ्याच्या वाड्यांच्या विहिरी याच पाण्यावर आहेत.

(दृश्य : चिरेखाण)

चिरा म्हणजे बांधकामासाठी कापलेला जांभ्याचा ठोकळा. तो निघतो मधल्या थरातून. जमिनीतला जांभा ओलसर आणि मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. उघड्यावर वाळला की लोहाची ऑक्साइडं घट्ट होतात आणि तोच दगड टणक होतो. म्हणून चिरा ताजा असतानाच घडवायचा.

हाताने काढताना आधी वरचा कातळ फोडून बाजूला करतात. मग दोरीने आखणी, आखणीवर टिकावाने चर. चारही बाजू सुटल्या की तळाशी पहार घालून चिरा उचकटतात आणि कडा तासतात. या पद्धतीत चरांपायी बराच दगड भुगा होऊन जातो.

आता रुळांवर फिरणारं गोल पात्याचं यंत्र आलं. आधी उभे काप, मग आडवे, शेवटी तळाचा काप, आणि एक थर मोकळा होतो. चिरा साधारण सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद. रूळ समपातळीत नसले तर चिरा एका टोकाला निमुळता निघतो आणि भिंतीत गवंड्याला ती तूट मसाल्याने, म्हणजे चिरे जोडायच्या लगद्याने, भरावी लागते. पातं कडक गाठीवर आदळलं तर दात मोडतात. खाण शेडीच्या जवळ गेली की चिरा मऊ पडतो, हातात कुसकरतो.

चांगला चिरा वाजवून घ्यावा. खणखणीत आवाज हवा, मातीच्या गाठी कमीत कमी. त्या गाठी पावसात धुऊन जातात आणि भिंतीला भोकं पडतात. नवा चिरा काही दिवस उन्हात सुकवावा, बांधताना मात्र भिजवून घ्यावा. कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी शोषतो आणि सांधा कच्चा राहतो.

(दृश्य : विजयदुर्गाची तटबंदी, मग जुन्या गोव्याचं बॉम जेझस)

विजयदुर्गाचा तट या दगडाचा आहे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीही जांभ्याच्याच. तिथला बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून उघडा पडलेला दगड पावसाने झिजतो आहे.

(दृश्य : कशेळीचा हत्ती)

आणि हे कातळशिल्प. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, त्याच्या आकृतीत आणखी कितीतरी प्राणी आहेत. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी, गोव्यातलं फणसायमळ : कोकणातली ही शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. ती कोरली आहेत वरच्या कातळावर, म्हणजे खाण सुरू करताना सर्वांत आधी फोडून टाकतात त्या थरावर.

खाण संपली की खड्डा तसाच राहतो, झरे आटतात, सड्यावरची पावसाळी फुलं जातात.

म्हणून सडा फोडण्याआधी त्याची पाहणी झालीच पाहिजे. गवत वाळल्यावर, सकाळी किंवा सांजवेळी, ऊन तिरपं असताना. उथळ रेषा तेव्हाच दिसतात, भर दुपारी अजिबात नाही. खाचांत माती साचलेली असेल तर मऊ झाडूने काढावी, खरवडू नये. ग्रामपंचायतीने सड्याचा नकाशा करून शिल्पांच्या जागा त्यावर आधी नोंदवाव्यात, खाणीच्या परवानगीचा अर्ज त्यानंतर घ्यावा.