एसी लपवला, पाण्याचं काय?

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईच्या फोर्ट भागात जुन्या दगडी इमारतीखालून जाताना डोक्यावर टपकन थेंब पडला, की आपण आधी वर कावळा शोधतो. दिसतो तो खिडकीत कोंबलेला एसी, आणि त्याखाली दगडावर उतरलेला हिरवट ओघळ. आज बोलायचंय ते या ओघळाबद्दल.

मुंबईला जुन्या इमारती जपणारी वारसा नियमावली मिळाली १९९५ साली. ओव्हल मैदानाच्या आसपासच्या गॉथिक आणि आर्ट डेको शैलीतल्या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यामुळे एसी बसवताना हल्ली पहिली काळजी असते ती यंत्र दिसू नये याची. ते जमतं हो. आतलं युनिट लाकडी कपाटात, बाहेरचं गच्चीच्या कठड्याआड. कपाटाला हवेसाठी जाळी आणि फिल्टर काढायला दार ठेवलं म्हणजे झालं.

पण दीड टनाचा एसी पावसाळी हवेतून तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते न्यायला नळी हवी, नळीला उतार हवा. मग मिस्त्री कटर घेऊन भिंतीत खाच पाडतो आणि वरून सिमेंट थापतो. झालं वाटोळं! चुन्यातली भिंत ओल पिते आणि सोडते. सिमेंट ती सोडू देत नाही. अडकलेली ओल शेजारच्या मऊ दगडातून वाट काढते. नक्षीकामात पोरबंदरचा दगड असेल, तर क्षार फुलून त्याचे पापुद्रे सुटतात. दीडशे वर्षं पाऊस सोसलेलं नक्षीतलं दगडी पान बोट लावताच पिठासारखं झडतं.

म्हणून भोक दगडात नको, दोन दगडांमधल्या सांध्यात पाडा. बुजवायला चुनाच वापरा. त्याआधी जुना झरोका सापडतो का बघा. आणि गार नळीला जाड वेष्टण घाला, नाहीतर आपल्या दमट हवेत तीच घामेजते आणि कपाटाचं सागवान कुजवते.

आणखी एक. वीस फूट उंचीचं दालन छतापर्यंत गार करायचा अट्टहास कशाला? तिथे माणसं बसत नाहीत. गार हवा खालून, संथ सोडली की यंत्र लहान पुरतं आणि पाणीही कमी निघतं. माझं विचाराल तर आधी बंद केलेले व्हरांडे उघडा, पंखे लावा, मग टनांचा हिशेब करा.

परवानगीच्या नकाशात मात्र ही पाण्याची नळी कुठून निघते आणि कुठे रिकामी होते, ते लाल रेघेनं दाखवायला वास्तुविशारदाला जरूर सांगा. नमस्कार.