राम म्हणाला की मी येतो: दहावीच्या वर्गातली इंग्रजी उजळणी

नमस्कार मंडळी. गेली २२ वर्षं मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवतेय आणि दरवर्षी पोर्शन संपला की ग्रामरची उजळणी सुरू होते, तशी ती तुमच्याकडेही होत असणार. आपण काय करतो, फळ्यावर नियम लिहितो, मुलं उतरवून घेतात, मग गाइडमधली वाक्यं सोडवतात आणि पुढच्या टेस्टला त्याच चुका परत. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीतल्या मुलाने नियम कधी ऐकलाच नाही असं नसतं. मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते ते मराठीत अडतं, म्हणून उजळणी मराठीपासून सुरू करावी, एवढंच सांगायला मी आलेय.

एका वहीची गोष्ट सांगते. एका मुलीने लिहिलं होतं, राम सेड दॅट, आय विल कम टुमॉरो. मी सवयीने लाल पेन घेतलं, दॅटनंतरचा कॉमा खोडला, आयचं ही केलं, विलचं वुड, टुमॉरोचं द नेक्स्ट डे. एका ओळीत चार खुणा. ती वही घेऊन जागेवर गेली आणि थोड्या वेळाने परत आली, म्हणाली, "बाई, पण राम म्हणाला की मी उद्या येईन, हे बरोबर आहे ना?" अहो, बरोबरच आहे! मराठीत 'राम म्हणाला की' एवढं म्हटलं की पुढे रामाचं बोलणं आपण जसंच्या तसं ठेवतो, मी म्हणजे राम, उद्या म्हणजे रामाचा उद्या, ऐकणाऱ्याचा काडीचाही गोंधळ होत नाही. आपला 'की' एका अर्थी अवतरणचिन्हांचंच काम करतो. इंग्रजीतला दॅट ते करत नाही. दॅट आला की बोलणं रामाचं राहत नाही, सांगणाऱ्याचं होतं, म्हणून मी चा तो होतो आणि काळही मागे सरकतो. त्या मुलीचा विचार अगदी चोख होता, फक्त तो मराठीच्या नियमाने चालला होता, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. त्या दिवसापासून मी डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवताना फळ्याचे दोन भाग करते, डावीकडे 'की' आणि उजवीकडे 'दॅट', आणि आधी डावी बाजू मुलांकडून भरून घेते.

प्रश्नाचंही तेच. 'त्याने विचारलं की तू कुठे चाललास?' इथे आपण बिनधास्त प्रश्नचिन्ह देतो कारण प्रश्न अजून जिवंत आहे. इंग्रजीत मात्र ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग, आणि पुढे साधा फुलस्टॉप. मुलं तिथे प्रश्नचिन्ह देतात आणि आपण मार्क कापतो.

आता अपॉस्ट्रॉफी. मुलांना वाटतं ही भानगड आपल्याकडे नाहीच. मी फळ्यावर दोनच शब्द लिहिते, 'मुलाची खोली' आणि 'मुलांची खोली'. फरक किती? एका टिंबाचा. तो अनुस्वार एक मुलगा आहे की अनेक ते सांगतो. इंग्रजीत द बॉइज रूम ऐकायला दोन्हीकडे सारखंच, मग फरक कुठे दिसणार, तर अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी आहे की नंतर त्यात. मुलांचे डोळे चमकतात हो, कारण टिंब त्यांच्या ओळखीचं असतं, पहिलीपासून त्यासाठी बोलणी खाल्लेली असतात. इट्सचं पण असंच करायचं, मराठीत विचारा, 'त्याचं' म्हणायचंय की 'ते आहे'? ते आहे असेल तर अपॉस्ट्रॉफी, त्याचं असेल तर नाही. पाठ करायला काही उरत नाही.

कॅपिटल लेटरवर फार वेळ घालवू नका. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं त्यामुळे हाताला सवय नाही, आणि मोबाइल आपोआप कॅपिटल करून देतो, पेपरात पेन देत नाही. हे मुलांना एकदा स्पष्ट सांगितलं की पुरतं.

कॉमा मात्र वेळ खातो. जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत, विरामचिन्हं आपल्याकडे १९व्या शतकात इंग्रजीच्या वळणाने आली, त्यात मेजर कँडी या इंग्रज कोशकाराचा मोठा वाटा, हे सांगितलं की वर्ग कान टवकारतो. पण आपण ती चिन्हं घेतली आणि कॉमा बराचसा श्वासावर सोडला. 'पाऊस आला, आम्ही पळालो' हे मराठीत छान चालतं. इंग्रजीत ती दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडलेली चालत नाहीत, अँड किंवा सो घाला, नाहीतर फुलस्टॉप द्या. मोठ्याने वाचून हे कळत नाही, म्हणून मी कर्ता आणि क्रियापद यांच्याखाली रेघा मारायला लावते. दोन जोड्या सापडल्या आणि मध्ये नुसता कॉमा असला की मूल स्वतःच थांबतं.

दोन मार्कांचं तर आहे, सोडून द्या, असं आपल्यातलेच काही जण म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या मुलीला मार्कांची पडली नव्हती, तिला आपलं वाक्य का चुकलं ते हवं होतं.

आर्टिकल्स आज काढत नाही, तो अख्ख्या दिवसाचा विषय आहे. चहा झाला की तुम्ही आणलेल्या वह्या उघडा, लाल पेन बाजूला ठेवा आणि चूक दिसेल तिथे समासात पेन्सिलीने त्या मुलाच्या मनातलं मराठी वाक्य लिहा, मग आपण एकेक वाचू.